एका मोटरमागे एक डबी

२०१६ च्या जानेवारीत एका शनिवारी सकाळी आमच्या शाळेच्या वर्कशॉपमध्ये खरेदीची यादी चालली होती. बाहेर गुडघाभर बर्फ. आत पंधरा-सोळा मुलं, फळ्यावर रोबोचं चित्र आणि चित्रावर आठ गोल. आठ मोटर. चार चाकांना, दोन चेंडू आत ओढायला, एक हाताला, एक चेंडू फेकायला. अकरावीतल्या एका मुलाने प्रत्येक गोलापुढे मोटरला वीज देणाऱ्या डबीची, म्हणजे कंट्रोलरची, किंमत लिहायला घेतली. टॅलन एसआरएक्स नव्वद डॉलर, व्हिक्टर एसपी साठ, त्या वर्षी नवीन आलेला स्पार्क पंचेचाळीस. आठ टॅलन घेतले तर ७२० डॉलर, आठ स्पार्क घेतले तर ३६०. त्याने खडू खाली ठेवला आणि मला विचारलं, "तुम्ही तर नोकरीत हेच बनवता. मग आपण घरीच का नाही बनवायचं?"

मी डेट्रॉइटच्या पश्चिमेला राहते. विजेच्या गाड्यांच्या मोटरना वीज पुरवणारी सर्किट्स तयार करणं हे माझं पोटापाण्याचं काम. २०१५ पासून शनिवारी आणि दोन संध्याकाळी मी एका सरकारी हायस्कूलच्या रोबोटिक्स टीमला वायरिंग शिकवते. ही मुलं ज्या स्पर्धेत उतरतात ती फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन. डीन केमन यांनी १९८९ मध्ये फर्स्ट ही संस्था काढली आणि १९९२ मध्ये पहिली स्पर्धा झाली. मिशिगनमध्ये तिचं मोठं वेड आहे, टीमची संख्या पाचशेच्या घरात. जानेवारीत खेळ जाहीर होतो, आणि त्या काळी सहा आठवड्यांत रोबो बांधून पिशवीत सीलबंद करून ठेवावा लागे. नोंदणीचीच फी तेव्हा ५,००० डॉलर होती. ती भरून झाल्यावर आमच्या हातात जे उरायचं, त्यात लोखंड, अॅल्युमिनियम, बॅटऱ्या, प्रवास आणि ह्या डब्या.

त्या मुलाला नियम तोंडपाठ होता, तरी त्याने विचारलं. नियम स्पष्ट आहे: मोटर चालवायला नियमावलीत नावानिशी दिलेल्या कंट्रोलरपैकीच एक वापरायचा. स्वतः बनवलेलं सर्किट मोटरला जोडायचं नाही. यादीतल्या कंट्रोलरच्या आत हात घालून बदल करायचा नाही. काही लहान मोटरना सूट आहे, ती सोडली तर एका कंट्रोलरवर एकच मोटर. म्हणजे मोटर वाढली की डबी वाढली.

पहिल्या वर्षी हा नियम वाचून मी चिडले होते. कारण मला जे काही येतं, ते असं सर्किट स्वतः बनवता बनवता आलेलं आहे.

२००७-०८ मध्ये मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि रोबोकॉन या कॉलेजांच्या रोबो स्पर्धेसाठीच्या आमच्या टीममध्ये इलेक्ट्रॉनिक्स माझ्याकडे होतं. त्या वर्षी एबीयू रोबोकॉनचं यजमानपद भारताकडे होतं, आंतरराष्ट्रीय सामने पुण्यातच व्हायचे होते, आणि खेळ होता दहीहंडीवर बेतलेला. नावच 'गोविंदा'. पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजला ते वर्ष साधं वाटणं शक्य नव्हतं. नियमात विजेची एकच मोठी मर्यादा आमच्या डोक्यात होती: २४ व्होल्टच्या वर जायचं नाही. मोटर कोणती, ड्रायव्हर कोणता, कुणाकडून आणला, यावर बंधन नाही. आम्ही कंट्रोलर म्हणत नसू, ड्रायव्हरच म्हणायचो. मोटर बहुतेक गाडीच्या वायपरच्या. रविवारी जुन्या बाजारात जाऊन, कानाला लावून, हाताने फिरवून बघून आणलेल्या. मॉसफेट आणि आयसी बुधवार पेठेतून, पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून. दुकानदार आम्हाला ओळखू लागला होता, कारण आम्ही दर दोन दिवसांनी तेच मॉसफेट मागायला जात होतो. एक पंचवीस-तीस रुपयांना. एका ड्रायव्हरला चार लागतात.

चार का, ते सांगते. मोटर मधोमध ठेवा आणि तिच्या दोन टोकांना वर एक, खाली एक असे चार विजेचे दरवाजे, म्हणजे मॉसफेट, लावा. डावीकडचा वरचा आणि उजवीकडचा खालचा उघडला की मोटर एका दिशेने फिरते. उलट जोडी उघडली की दुसऱ्या दिशेने. सेकंदाला हजारो वेळा उघडझाप केली की वेग कमी-जास्त करता येतो. यालाच एच-ब्रिज म्हणतात. धोका एकच: एकाच बाजूचे वरचे-खालचे दोन्ही दरवाजे क्षणभरही एकत्र उघडले, तर बॅटरीची दोन टोकं थेट एकमेकांना भिडतात आणि मॉसफेट उडतो. म्हणून एक बंद करून दुसरा उघडण्याआधी थोडा दम खावा लागतो. हे आम्हाला पुस्तकातून माहीत होतं आणि आम्ही ते पाळतही होतो. तरी आमचे उडत होते.

बोर्ड निम्म्या वेगावर दिवसभर चालायचा. पूर्ण वेग दिला की काही सेकंदांत वरच्या बाजूचा मॉसफेट जायचा. तीन आठवडे आम्ही हीट सिंक मोठा करत राहिलो, पंखे लावले, मॉसफेटची जात बदलली. कारण निघालं भलतंच. वरचा मॉसफेट उघडा ठेवायला त्याच्या गेटला बॅटरीपेक्षा जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. ते आमच्या सर्किटमध्ये एका छोट्या कपॅसिटरमधून मिळत होतं, आणि तो कपॅसिटर भरायचा तो फक्त खालचा मॉसफेट उघडल्यावर. पूर्ण वेगात खालचा कधी उघडतच नाही. कपॅसिटर हळूहळू रिकामा होतो, वरचा दरवाजा धड उघडा नाही, धड बंद नाही अशा अवस्थेत राहतो, आणि सगळी उष्णता त्याच्या पोटात जाते. प्रोग्रॅममध्ये वेगाला ९५ टक्क्यांची कमाल घातली आणि त्या रात्रीपासून एकही मॉसफेट गेला नाही. आज मी जे काम करते त्याची सुरुवात त्या रात्रीची आहे, वर्कशॉपमध्ये पहाटे तीनला, हातात मल्टिमीटर.

पण त्याआधीच्या आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली होती. मॉसफेट उडतो तेव्हा तो बहुतेक वेळा बंद न होता आतून शॉर्ट होतो. दरवाजा उघडाच अडकतो. आमच्या बॉटचे दोन मॉसफेट असे एकदम गेले आणि तो पूर्ण वेगात सुटला. मी बटण सोडलं, मग मायक्रोकंट्रोलरची वीज काढली, तरी तो थांबेना. मोटर आता कुणाचंच ऐकत नव्हती. तो लोखंडी कपाटावर जाऊन आदळला आणि चाकं फरशीवर फिरत राहिली. माझ्या मैत्रिणीने पुढे होऊन बॅटरीची वायर उपटून काढली. तिच्या तळव्यावर भाजल्याची खूण आजही आहे. कपाटाच्या जागी आमच्यातलं कुणी उभं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी त्या वयात केला नाही. आम्ही नवे मॉसफेट लावले आणि पुढे गेलो.

तो विचार मी केला मिशिगनमध्ये, मैदानाच्या कडेला उभी राहून. तिथे एका सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून सहा रोबो एकाच वेळी पळतात. तेव्हा एकेकाचं वजन १२० पौंडांपर्यंत असायचं, शिवाय बॅटरी आणि बंपर. चाकांना बहुतेक सिम नावाची मोटर. ती अडकली की बारा व्होल्टवर १३० अँपिअरच्या वर वीज ओढते. सामना संपल्याची घंटा झाली की मैदानाच्या यंत्रणेतून सहाही रोबोंना एकदम 'थांबा' असा निरोप जातो, आणि सगळे थांबतात. मग फाटक उघडतं आणि चौदा-पंधरा वर्षांची मुलं आपापला रोबो उचलायला आत शिरतात. मुलं निर्धास्त आत जातात, कारण प्रत्येक कंट्रोलर तो निरोप पाळतो. रोबोच्या मुख्य संगणकाकडून येणारा सिग्नल तुटला की यादीतला प्रत्येक कंट्रोलर मोटरची वीज तोडतो. तो तसं करतो की नाही हे कुणीतरी आधी तपासलेलं असतं. तपासणीला आलेल्या स्वयंसेवकाला शंभर टीमच्या शंभर हातबनावटीच्या बोर्डांची परीक्षा घेणं एका सकाळीत जमणार नाही. डबीवरचं नाव वाचणं जमतं.

हे उमगल्यावर माझा राग गेला. त्या शनिवारी त्या मुलाला मी नियमाचं कारण सांगितलं, कपाटावर आदळलेल्या बॉटची गोष्टही सांगितली. तो म्हणाला, "मग ठीक आहे. पण महाग आहे." दोन्ही वाक्यं बरोबर होती, आणि गेली कित्येक वर्षं मी ह्या दोन वाक्यांच्या मध्ये उभी आहे.

त्या दिवशी आम्ही मधला रस्ता काढला. हात आणि चेंडू फेकणारं चाक, या दोन ठिकाणी टॅलन एसआरएक्स, कारण तिथे नेमकी जागा आणि नेमका वेग धरावा लागतो. टॅलनला फेरे मोजणारा एन्कोडर थेट जोडता येतो, तो स्वतः मोजतो, स्वतः दुरुस्त करतो आणि किती अँपिअर जातात तेही सांगतो. बाकी सहा जागी स्पार्क. त्याला नुसता 'इतक्या वेगाने फीर' एवढंच कळतं, आणि चाकांना तेवढं पुरतं. ४५० डॉलर झाले. नव्या टीमला आजही मी हेच सांगते: आधी प्रत्येक मोटरला विचारा की तिला किती अक्कल लागते, मग डबी निवडा. सगळीकडे सगळ्यात महागडी लावणं ही सावधगिरी नाही, तो हिशेबाचा आळस आहे.

त्यातला एक टॅलन तिसऱ्या आठवड्यात गेला. त्याला चार जाड वायरी असतात: लाल आणि काळी बॅटरीकडून येणारी, हिरवी आणि पांढरी मोटरकडे जाणारी. नववीतल्या एका मुलीने घाईत बॅटरी मोटरच्या बाजूला जोडली. आवाज नाही, धूर नाही, फक्त दिवा लागला नाही. ती सुन्न बसून राहिली. जोडणी तपासायची जबाबदारी माझी होती आणि मी दुसऱ्या टेबलावर होते, हे मी तिला आणि तिच्या आईलाही सांगितलं. पुण्यात अशी चूक साठ रुपयांना पडायची आणि रात्रीत भरून निघायची. इथे ती नव्वद डॉलरला पडली. दुरुस्तीला नियम आड येत नाही. दुरुस्त केलेला कंट्रोलर मुळाबरहुकूम असला की चालतो. पण आतलं बारीक काम शाळेच्या टेबलावर, शाळेच्या सोल्डरिंग गनने होण्यासारखं नसतं. डबी गेली म्हणजे गेली. श्रीमंत टीमच्या पेटीत अशा पाच डब्या जास्तीच्या असतात आणि त्यांच्या मुलांना चूक करायची मुभा असते. आमच्या मुलांना नव्हती. पैशाचा हा फरक मला सगळ्यात जास्त लागतो. रोबो थोडा हळू धावला तर काही बिघडत नाही, पण वायरीला हात लावायला घाबरणारं मूल काही शिकत नाही.

नियमावलीत खर्चाला मर्यादा नव्हती असं नाही. २०१६ मध्ये कुठल्याही एका वस्तूला ४०० डॉलर आणि फर्स्टकडून किटमध्ये मिळालेल्या वस्तू सोडून अख्ख्या रोबोला ४,००० डॉलर अशी कमाल होती. मुलांच्या स्वतःच्या श्रमाची किंमत धरायची नसे. हेतू चांगला. पण ही मर्यादा वरून घातलेली आहे, आणि आमच्यासारख्यांना अडचण खालून येते. नव्वदच्या आठ डब्यांतली एकही चारशेच्या पुढे जात नाही. कागदावर सगळे सारखे दिसतात, आणि मैदानावर एकाकडे आठ टॅलन असतात, दुसऱ्याकडे दोन. छतापेक्षा जमिनीची गरज होती: यादीत नेहमी एक तरी स्वस्त, साधी, सहज मिळणारी डबी असायला हवी. स्पार्क आला तेव्हा ती जमीन आम्हाला मिळाली, आणि आमच्या टीमची तीन वर्षं तिच्यावर निभावली.

मग ब्रशलेस मोटर आल्या.

२०१९ च्या हंगामात निओ आणि तिच्यासाठी स्पार्क मॅक्स, पंचाहत्तर डॉलरला. २०२० मध्ये फाल्कन, जिच्या पाठीवरच कंट्रोलर बसवलेला. दोन्ही मिळून १४० डॉलर. मोटर म्हणून त्या उत्तम आहेत. हलक्या, ताकदवान, आतला ब्रश झिजण्याचा प्रश्न नाही, आणि मी स्वतः रोज अशाच मोटरवर काम करते, त्यामुळे मुलांच्या हातात त्या आल्या याचा मला आनंदच झाला. पण जुना कंट्रोलर ब्रशलेस मोटर चालवू शकत नाही. तिला तीन वायरींवर क्रमाने वीज फिरवावी लागते. जुन्या डबीत दोनच दरवाजांच्या जोड्या असतात, तिसरी नाही. नियमावलीने जुन्या डब्या यादीतून काढल्या नाहीत. उलट, व्हिक्टर ८८४ सारखी कितीतरी जुनी नावं त्यात वर्षानुवर्षं राहिली, आणि यादी करणाऱ्यांचं हे मला मनापासून आवडतं. तरी आमच्या कपाटातले चौदा कंट्रोलर दोन वर्षांत कपाटातच राहिले. नियमाने ते चालत होते. फक्त त्यांना जोडायची मोटर कुणी वापरत नव्हतं.

त्यात स्वर्व्ह आलं. प्रत्येक चाक स्वतंत्र वळतं, रोबो कुठल्याही दिशेला सरकतो. चार मोटर चालवायला, चार वळवायला. जुन्या पद्धतीने चार सिम आणि चार स्पार्क म्हणजे साधारण तीनशे डॉलरमध्ये आमचा रोबो चालता व्हायचा. आठ फाल्कन म्हणजे ११२० डॉलर, आणि त्यात चाकं, गिअर, सेन्सर धरलेले नाहीत. त्यानंतर आलेल्या क्रॅकनची एक मोटर दोनशे डॉलरच्या वर गेली. मध्ये करोनाने २०२० चा हंगाम मार्चमध्ये अर्ध्यावर तोडला, आणि मग चिपचा तुटवडा आला. पैसे असून वस्तू मिळेना. त्या दोन वर्षांत शेजारच्या गावातल्या एका टीमने आम्हाला चार स्पार्क मॅक्स उसने दिले. त्यांच्याकडे जास्तीचे होते म्हणून नव्हे. सामन्यांच्या तारखा वेगळ्या होत्या म्हणून. ते कंट्रोलर एका वसंतात चार वेळा गाडीच्या डिकीतून ये-जा करत होते.

माझी ती मैत्रीण, जिच्या तळव्यावर खूण आहे, ती आज पुण्याजवळच्या एका कॉलेजात शिकवते आणि तिथल्या रोबोकॉन टीमकडे बघते. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय सामने दिल्लीला झाले आणि खेळ होता लगोरी; तेव्हा आम्ही दर रविवारी फोनवर असायचो. मी तिला विचारलं, तुझी मुलं ड्रायव्हर कसा बनवतात?

"अगं, आता कुणी एच-ब्रिज बनवत नाही," ती म्हणाली. "तयार बोर्ड आणतात. ब्रशलेसला ड्रोनचे कंट्रोलर, ईएससी. थीम आली की सबमिशन, परीक्षा, सगळं एकदमच येतं. तीन आठवडे मॉसफेट उडवत बसायला यांच्याकडे वेळ कुठाय? आपण बसलो, कारण आपल्याकडे पैसे नव्हते."

मला वाईट वाटलं, आणि मग तिचं म्हणणं पटलं. आमचा ड्रायव्हर दीडशे रुपयांत झाला असं मी आजवर सांगत आले होते. त्यात उडालेले मॉसफेट धरले नव्हते. तीन आठवड्यांच्या रात्री धरल्या नव्हत्या. तिचा तळवा धरला नव्हता. नियमाने मोकळीक दिली की किंमत नाहीशी होत नाही, ती रोखीतून वेळेत जाते, आणि वेळही सगळ्या मुलांकडे सारखा नसतो. संध्याकाळी दुकानात काम करणारा मुलगा आमच्या टीममध्ये तेव्हाही टिकला नव्हता.

ती मुलांना एक सांगते ते मी उचललं आहे. तयार बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहिलेल्या अँपिअरवर विश्वास ठेवायचा नाही. 'त्रेचाळीस अँपिअर' हा आकडा आतल्या चिपचा असतो. चिमूटभर हीट सिंक लावलेला पाचशे रुपयांचा बोर्ड तेवढा प्रवाह सतत वाहू शकत नाही. आधी मोटर अडवून किती ओढते ते मोजायचं, मग बोर्ड किती वेळ तग धरतो ते घड्याळ लावून बघायचं. आमच्याकडे नियमाने चाळीस अँपिअरचा ब्रेकर लागतो तरी मी हे मोजमाप मुलांकडून करून घेते.

आणि दर नोव्हेंबरात, हंगामाआधी, एक शनिवार मेलेल्या डब्यांचा असतो. त्या रोबोवर उघडायला बंदी आहे, टेबलावर उघडायला नाही. त्या नववीतल्या मुलीचा टॅलन सगळ्यात आधी उघडला गेला, तिनेच उघडला. आत मॉसफेट कुठे, कोणता जळलाय, वीज कुठून आत येते, कुठून बाहेर जाते, हे तिने बाकीच्यांना दाखवलं. मग आम्ही ब्रेडबोर्डवर, सहा व्होल्टच्या खेळण्यातल्या मोटरवर, एच-ब्रिज बांधतो. काही मॉसफेट मुद्दाम उडवतो. चष्मे घालून, बॅटरीला फ्यूज लावून. ती मुलगी पुढे इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला गेली.

माझं मत आता पक्कं आहे. यादी असावी. मैदानात मुलं चालत जातात, तिथे हातबनावटीचा बोर्ड नको. पण जे यादी करतात त्यांनी प्रत्येक नव्या नावासोबत हेही बघावं की कमी पैशांत ब्रशलेस मोटर चालवणारी एक डबी यादीत आहे का, आणि नव्या टीमच्या किटमध्ये ती पुरेशा संख्येने जाते का. ते होईपर्यंत आपल्या हातात जे आहे ते आपण करू शकतो. मिशिगन, टेक्सास, कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, कुठेही या टीमना शिकवणारे मराठी आई-बाबा आणि इंजिनिअर आता खूप आहेत. गणपतीत भेटतात तेव्हा अर्ध्या गप्पा रोबोच्याच असतात. तुमच्या शाळेच्या कपाटात टॅलन, व्हिक्टर, स्पार्क पडून असतील. त्यांना चालू करून बघा, दिवा लागतो का ते तपासा, वायरीची टोकं नवीन क्रिम्प करा. सिम मोटर आणि ह्या डब्या मिळून पहिल्या वर्षाच्या टीमचा रोबो आजही चालतो. तुमच्या भागात यंदा नोंदणी केलेली नवी टीम शोधा आणि जानेवारीच्या त्या शनिवारी खेळ जाहीर होण्याआधी ती पेटी त्यांच्या दारात नेऊन द्या. आमची पेटी, चौदा कंट्रोलर आणि सहा सिम, गेल्या डिसेंबरात गेली.